कॅडबरीचा गड आणि आत्याचं मस्टर

‘कॅडबरीला जायचंय’ म्हटल्यावर आत्याला चॉकलेटचा कारखाना वाटला. तिने नातवंडांसाठी जादा पिशवीसुद्धा घेतली. गाडी ए ३०३ रस्ता सोडून इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या अरुंद गल्ल्यांत शिरली, तेव्हा मी खरं सांगितलं: साउथ कॅडबरी नावाचं गाव आहे, गावामागे एक टेकडी आहे आणि लोक तिला कॅमेलॉट, म्हणजे दंतकथेतल्या आर्थर राजाची राजधानी म्हणतात.

“म्हणजे गड बघायचाय. मग बूट नको घालायला?”

माझा स्वार्थ होता. दोन वर्षं मी आर्थरवर मराठीत कादंबरी लिहितोय आणि अट एकच, जादू नको. मर्लिन जादूगाराचे मंत्र नाहीत, तळ्यातून तलवार देणारी बाई नाही. एवढं सगळं काढून टाकल्यावर शंभरेक पानांतच गोष्ट बसकण मारून बसली. तिला उठवायला काही सापडतं का, ते बघायला निघालो होतो.

देवळाजवळून, म्हणजे सेंट थॉमसच्या चर्चजवळून, वर जाणारी वाट दोन्ही बाजूंनी खचलेली, मुळं वर आलेली आणि चिखलाची. मी एकदा सपशेल बसलो. साताऱ्यात अजिंक्यतारा चढून गुडघे कमावलेली आत्या मागे वळूनही न बघता पुढे. पंधरा मिनिटांत माथा. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटर.

“हाच गड? बुरूज कुठायत?”

बुरूज नाहीतच. एकाखाली एक असे मातीचे चार बांध आणि मधले खंदक, सगळ्यावर गवत, गवतावर मेंढ्या. मूळ गड रोमन येण्याआधीचा. आत्याचा पुढचा प्रश्न गड बघणाऱ्या कुणाही शहाण्या माणसाचा: “पाणी?” गावाकडच्या उतारावर झरा आहे, त्याला आर्थरची विहीर म्हणतात. तिचं समाधान झालं.

जुन्या वास्तूंच्या नोंदी करत फिरणारा इंग्रज अभ्यासक जॉन लेलंड १५४२ मध्ये इथे येऊन ‘हेच कॅमेलॉट’ असं लिहून गेला. गावकऱ्यांनी त्याला इथे सापडलेल्या चांदीच्या नालाची गोष्ट सांगितली होती. पण कॅमेलॉट हे नावच मुळात बाराव्या शतकातल्या फ्रेंच काव्यातलं, त्यामुळे त्याच्या शब्दावर किती जायचं ते आपलं आपण ठरवावं. जुन्या कागदांत आर्थर फार थोडा आहे. सहाव्या शतकातला साधू गिल्डास बेडन टेकडीवर ब्रिटनच्या लोकांनी सॅक्सनांवर मिळवलेल्या विजयाबद्दल लिहितो, आर्थरचं नाव घेत नाही. नवव्या शतकातल्या लॅटिन इतिहासात त्याच्या बारा लढायांची यादी येते आणि बेडनला त्याने एकट्याने ९६० माणसं मारली असंही येतं. तिथेही तो राजा नाही. राजांच्या सोबतीने लढणारा सेनापती आहे. आपल्याकडे सरनोबत म्हणतील तसा.

वायव्येला ग्लास्टनबरीची टेकडी दिसत होती, माथ्यावर एकच मनोरा. तिथला मठ ११८४ मध्ये जळाला आणि ११९१ मध्ये तिथल्याच साधूंना आर्थरची कबर ‘सापडली’.

“जीर्णोद्धाराला वर्गणी हवी असणार,” आत्या म्हणाली. इतिहासकारही हेच म्हणतात, जरा जास्त पानं घेऊन.

मग आम्ही वरच्या बांधावरून चालायला लागलो. १९६६ ते १९७० या काळात पुरातत्त्वज्ञ लेस्ली अल्कॉक यांनी इथे उत्खनन केलं. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते मॉर्टिमर व्हीलर, आपल्या पुरातत्त्व खात्याचे माजी महासंचालक. रोमन सत्ता गेल्यानंतर, पाचव्या शतकाच्या अखेरीला किंवा त्यानंतर थोड्याच काळात, कुणीतरी हा ओसाड गड पुन्हा बांधून काढला होता. सगळ्यात आतला बांध पूर्ण वेढ्याचा, अकराशे मीटरच्या आसपास. लाकडाची चौकट आणि आत दगडांची भर, चुना नाही. त्या भरीत पडक्या रोमन इमारतींचे घडीव दगडही घातलेले. नैर्ऋत्येला लाकडी दरवाजा. हे कुणी केलं, त्याचं नाव जमिनीत सापडत नाही. अल्कॉकसुद्धा पुढे आर्थरचं नाव घेताना सावध झाले.

आत्या बांधकाम खात्यात तीस वर्षं मस्टर लिहीत होती. ती पावलं मोजत होती.

“अकराशे मीटर. लाकूड तोडायचं, ओढायचं, दगड चढवायचा. माणसं किती लावली असतील रे? आणि मजुरी?”

मी थांबलो. मजुरी कशाने देणार? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये रोमन नाणं येणंच बंद झालं, थोड्या वर्षांत व्यवहारातूनही गेलं.

“म्हणजे पोटावर,” ती म्हणाली. “जेवू घालत असणार.”

आणि आम्ही उभे होतो त्याच पठारावर खडकात खोदलेल्या खांबांच्या खड्ड्यांवरून एका लाकडी दिवाणखान्याचा आराखडा सापडला आहे, साधारण वीस मीटर बाय दहा. गडावर भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरंही मिळाली. असले कुंभ व्हीलरनी पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूलाही खणून काढले होते, तिथले काही शतकं जुने. माझ्या दोन वर्षांच्या अडचणीचं उत्तर एका शब्दात होतं: पंगत. कुणाला कुठे बसवायचं, कुणाला दारू आधी, कुणाला उरलेली. आर्थरचे सरदार एका गोल मेजाभोवती बसायचे, ही कथा बाराव्या शतकातली, पण तिच्यात मानपानाचंच भांडण आहे.

दगडात रुतलेली तलवार जो उपसेल तो राजा, अशी आर्थरची कथा आहे; त्या तलवारीचं मात्र काय करायचं? माझ्या पहिल्या प्रकरणात ती दगडी साच्यातून ओतून काढली होती. हे स्पष्टीकरण बऱ्याच जणांना आवडतं, मलाही आवडायचं. पण साच्यात ओतलेल्या तलवारी कांस्ययुगातल्या, आर्थरच्या हजाराहून अधिक वर्षं आधीच्या. त्याच्या काळची तलवार लोखंडी, ऐरणीवर ठोकलेली. ते प्रकरण उतरतानाच मनातून खोडलं.

खलनायक उरला होता: मेद्राउत, दंतकथेतला आर्थरशी दगा करणारा मॉर्ड्रेड. एका वेल्श बखरीत ५३७ च्या खाली ओळ आहे: कॅमलानची लढाई, तीत आर्थर आणि मेद्राउत पडले. मेद्राउत शत्रू होता की सोबती, ते लिहिलेलंच नाही. गाडीपाशी बूट काढून, चॉकलेटसाठी आणलेल्या पिशवीत भरताना मी आत्याला म्हटलं, मेद्राउतला मी गडाचा कोठीवाला करणार. दुष्काळात धान्य किती उरलंय ते फक्त त्याला माहीत, आणि तो आर्थरला खोटा आकडा सांगतो.

आत्याने बुटाच्या तळाचा चिखल काडीने खरवडला. “हिशोब ठेवणाराच चोर का रे असतो तुमच्या गोष्टींत? आकडा खरा सांगितला आणि साहेबाला तो नको होता, असं कधी लिहिलंयस?”