पाच महिन्यांचं मानधन

एम.ए. झाल्यावर मी सोलापुरातल्या एका संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून लागले. विषय विडी कामगार बायकांचा. मानधन महिना पंधरा हजार, तेही तोंडी. नेमणुकीच्या पत्रात नुसतं ‘नियमानुसार’. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांना जानेवारी 2023 पासून महिना 37,000 मिळतात हे ठाऊक होतं. पण माझं नेट झालेलं नव्हतं, म्हणून आकडा लिहून मागायचा धीर झाला नाही.

रोज कुंभारीला जायचे, 10,000 विडी कामगारांसाठी उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. रिक्षा, झेरॉक्स सगळं पदरचं. माझे प्रश्न चालू असतानाही बायकांचे हात चालूच असायचे, कारण मजुरी हजार विड्यांवर. एकदा एका अक्कांनी विचारलं, “तुला किती भेटतंय गं?” तीन महिन्यांत काहीच नाही म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. “आमचा एक आठवडा चुकला तर आम्ही कारखान्याच्या दारात बसतो,” म्हणाल्या. त्या रात्री मला झोप आली नाही.

विभागात म्हणायचे, अनुदानाचा हप्ता आला नाही. लेखा विभागात म्हणायचे, तुमचं बिलच आलं नाही. या दोन टेबलांत आणखी दोन महिने गेले. शेवटी लेखा विभागातल्याच एका ताईंनी सांगितलं, प्रकल्पाचं मंजुरीपत्र बघ. प्रकल्पप्रमुख सरांकडे मागितलं, त्यांनी दिलंही. त्यात माझ्या पदाचं मानधन वेगळ्या शीर्षाखाली मंजूर होतं आणि पहिला हप्ता केव्हाच जमा झालेला. अडलं होतं हजेरीपत्रकांवर. पाचही महिन्यांची पत्रकं सह्यांविना फाईलमध्ये पडलेली!

मग तोंडी विचारणं बंद केलं. महिनावार थकबाकी लिहून अर्ज केला, पत्रकांवर सह्या घेऊन जोडली आणि माझ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घेतला. हे पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. त्यानंतर “कुठवर आलं?” ऐवजी आवक क्रमांक सांगायचे. माहिती अधिकाराचा अर्जही दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तयार ठेवला होता, तो द्यावा लागला नाही. एकोणिसाव्या दिवशी पैसे आले: दहा टक्के टीडीएस कापून 67,500. कापलेले परत मिळवायला रिटर्न भरायचंय. रिक्षाचे मात्र गेलेच, कारण रोजचा हिशेब मी लिहून ठेवला नव्हता.

सहाव्या महिन्याचं हजेरीपत्रक शेवटच्या तारखेलाच घेऊन गेले. सरांची सही होईपर्यंत टेबलाजवळून हलले नाही.