रोज किती तास?

गाणं शिकवते म्हटलं की पहिल्याच भेटीत प्रश्न येतो, "मोठे गायक रोज किती तास रियाज करायचे हो?" विचारणाऱ्याला आकडा हवा असतो. आठ, दहा, बारा. जितका मोठा, तितकं समाधान. भीमसेन जोशी अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले, विनातिकीट गाड्यांतून हिंडले, ही गोष्ट मीही चवीने सांगते. पण खरं सांगते. मला ज्यांचं सगळ्यात जास्त नवल वाटतं, त्यांचा आकडा काही वर्षं शून्य होता.

कुमार गंधर्व. लहानपणीच मैफली गाजवलेले. 1947 साली, तेविसाव्या वर्षी लग्न झालं आणि पाठोपाठ क्षयाने गाठलं. 1948 मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला गेले आणि गाणं थांबलं. महिना-दोन महिने नव्हे, जवळजवळ पाच वर्षं. ज्याचा गळा हेच सर्वस्व, त्याने खाटेवर पडून करायचं काय? त्यांनी ऐकलं. माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कानावर पडत. चार-पाच सुरांची, आपण 'साधी' म्हणून सोडून देतो तशी. त्या धुनांत त्यांना रागांची बीजं सापडली. पुढे त्यांनी बांधलेल्या धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेल्या, रागांचं मूळ तिथलं.

1952 च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध मिळालं आणि 1953 मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, एक फुफ्फुस निकामी झालेलं असताना. दमसास पूर्वीसारखा उरला नव्हता, म्हणून छोट्या, नेमक्या स्वरतुकड्यांत ते राग उभा करत. ऐकणाऱ्याला त्यात उणीव जाणवत नाही, ही खरी गंमत.

(या काळात त्यांची शुश्रूषा भानुमतीबाईंनी केली. त्या स्वतः गाणं शिकलेल्या. जिद्दीच्या गोष्टी सांगताना उशाशी बसलेलं माणूस आपण फार पटकन गाळतो.)

किशोरी आमोणकरांचाही आवाज पंचविशीच्या आसपास गेला होता. सुमारे दोन वर्षं.

हे सगळं मला पाठ होतं, पण कळलं माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या तेव्हा. सहा आठवडे गाणं तर नाहीच, बोलणंही बंद. पहिला आठवडा मी नुसती चिडले. दुसऱ्या आठवड्यात कंटाळून तानपुरा काढला. सूर जुळवायचे मणी खालीवर केले, तारेखालचा जवारीचा दोरा घोडीवर केसभर सरकवला, पुन्हा सरकवला. तास गेला असेल. आणि खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून गांधार, म्हणजे 'ग', ऐकू यायला लागला. तो तिथे असतोच. वर्षानुवर्षं मी मुलांना "ऐका, ऐका" म्हणत होते आणि माझ्याच आवाजाखाली तो झाकत होते.

तेव्हापासून नव्या मुलांना पहिले काही दिवस मी गायलाच देत नाही. तानपुरा छेडायचा, गांधार ऐकू आला की हात वर करायचा. एका चिरंजीवांनी पहिल्या मिनिटाला हात वर केला. मी तानपुरा खाली ठेवला, तरी त्यांचा हात वरच. पालक मात्र दर आठवड्याला विचारतात, "गाणं कधी सुरू करणार?"