गाडीचा एसी: गॅस काट्यावर भरा, गेजवर नको

सिग्नलला गाडी थांबली की एसीतून कोमट हवा येते आणि गाडी पळायला लागली की पुन्हा गार. याला ‘गॅस कमी झालाय’ म्हणून सरसकट गॅस भरला जातो. बहुतेक वेळा दोष कंडेन्सरच्या (गाडीच्या नाकाशी असलेली, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) पंख्याचा किंवा कंडेन्सरवर बसलेल्या चिखल-किड्यांचा असतो. हवा गार आहे पण जोर नाही, तर केबिन फिल्टर तुंबलाय. एका बाजूच्या जाळीतून गार आणि दुसरीकडून गरम येत असेल, तर हीटरची झडप नीट बंद होते का ते बघा. गॅस खरंच कमी असेल तर काँप्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणारा भाग, दर काही सेकंदांनी पकडतो-सोडतो, किंवा पकडतच नाही, आणि काँप्रेसरकडे परतणारा जाड पाईप हाताला जेमतेम गार लागतो.

गॅस जळत नाही, झिजत नाही. रबरी नळ्यांतून आणि काँप्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला थोडा झिरपतो, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी एकदा कमी पडला तर समजू शकतं. दर उन्हाळ्यात भरावा लागतो म्हणजे लीकेज आहे. ते न काढता भरलेला गॅस हे नुसतं भाडं.

घरी भरायचा की गॅरेजमध्ये, या वादात खरा प्रश्न हरवतो: भरणाऱ्याकडे वजनकाटा आहे का? आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या एसीत आर-१३४ए हा गॅस असतो. तो सिलिंडरमधल्या स्वयंपाकाच्या गॅससारखाच, काही द्रव आणि काही वायू. आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. एसी बंद ठेवून गाडी पूर्ण थंड होऊ दिली आणि हवा ३० अंश असेल, तर गेज (प्रेशर मोजणारं मीटर) साधारण ९७ पीएसआय (प्रेशरचं एकक) दाखवणार, आत १५० ग्रॅम असो की ४००. घरी आलेला सिलिंडर आपण प्रेशर बघून नाही, वजन करून घेतो. त्याचं कारण हेच.

एसी चालू असताना गेज जास्त बोलतं, पण तेही हवामानासकट वाचावं लागतं. लो साइडला, म्हणजे काँप्रेसरकडे परतणाऱ्या कमी प्रेशरच्या बाजूला, २५ ते ४० पीएसआय. हाय साइडला (काँप्रेसरमधून निघणारी जास्त प्रेशरची बाजू) पुण्यात ३२ अंशांना १८० ते २१० दिसेल, तर नागपुरात मे महिन्यात ४४ अंशांना २६०-२८० दिसणं हा बिघाड नाही. दोन्ही कमी तर गॅस कमी. लो जास्त आणि हाय कमी तर काँप्रेसर दमलाय. दोन्ही जास्त तर गॅस जादा, आत हवा शिरलेली, किंवा पंखा बंद. लो शून्याच्या खाली जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस बारीक छिद्रातून सोडणारा) तुंबलाय किंवा आत ओल गोठतेय.

आता गंमत बघा. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचं वजन दिलेलं असतं. छोट्या हॅचबॅकमध्ये ते ३५० ग्रॅमच्या आसपास, मोठ्या गाडीत ५००-६००, आणि मागच्या रांगेला वेगळी कूलिंग कॉइल असेल तर त्याहून बरंच जास्त. बाजारात मिळणारा कॅन असतो साधारण ४५० ग्रॅमचा, म्हणजे छोट्या गाडीच्या अख्ख्या सिस्टिमपेक्षा मोठा. अर्धी भरलेली सिस्टिम आणि वर पूर्ण कॅन झाला की जादा द्रव कंडेन्सरमध्ये साचतो, हाय साइड चढते, कूलिंग उलट घटतं आणि काँप्रेसरवर ताण येतो. पन्नास ग्रॅमचा फरकही छोट्या गाडीत जाणवतो. नुसतं लो साइडचं गेज लावलेल्या कॅनने हे दिसतच नाही.

तरीही घरी टॉप-अप करायचाच असेल, तर क्लच अजून पकडतोय आणि कूलिंग फक्त थोडं घटलंय एवढ्याच अवस्थेत करा. चष्मा आणि हातमोजे घाला. आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात गेला तर खेळ नाही. बंद गॅरेजमध्ये नको, हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. जाड पाईपवरचं ‘एल’ टोपण म्हणजे लो साइड. हाय साइडचा कपलर (नळी जोडायचं तोंड) मुद्दाम वेगळ्या मापाचा असतो, तिथे जुगाड करून कॅन जोडला तर कॅन फुटू शकतो. नळी जोडण्याआधी थोडा गॅस सोडून तिच्यातली हवा बाहेर काढा, ही पायरी हमखास चुकते. इंजिन १५०० आरपीएमवर, एसी कमाल, रिसर्क्युलेशन चालू, दारं उघडी. कॅन किचनच्या डिजिटल काट्यावर उभा ठेवा. उलटा धरला तर द्रव थेट काँप्रेसरमध्ये जातो, आणि द्रव दाबला जात नाही, आतले व्हॉल्व्ह तुटतात. कॅन गार पडून गॅस जाईनासा झाला तर कोमट पाण्यात धरा, आचेवर कधीच नाही. एका वेळी ३०-४० ग्रॅम, मग पाच मिनिटं थांबा. मधल्या जाळीत थर्मामीटर ठेवा. बाहेर ३२-३५ अंश असताना ६ ते १० अंशांची हवा चांगली. आकडा उतरायचा थांबला की आपणही थांबायचं.

‘लीक बंद करणारा’ मसाला घातलेला कॅन घेऊ नका. तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्येही जमतो, आणि कळलं तर चांगलं गॅरेज आपलं गॅस काढायचं-भरायचं मशीन अशा गाडीला लावणार नाही.

सिस्टिम पूर्ण रिकामी झाली असेल किंवा पाईप उघडला असेल, तर टॉप-अपचा प्रश्नच नाही. आधी लीकेज: गॅस भरायच्या व्हॉल्व्हची पिन, ओ-रिंगा, दगड लागलेला कंडेन्सर (कोकणात खाऱ्या हवेने सडलेला), आणि शेवटी डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल. तेलकट डाग दिसला तर तिथेच बघा, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. मग नायट्रोजनने प्रेशर देऊन साबणाचं पाणी. त्यानंतर निदान ३०-४५ मिनिटं व्हॅक्यूम. हवा काढणं हे अर्धंच काम, ओल उकळून बाहेर घालवणं दुसरं अर्धं. २५ अंशांना पाणी उकळायला दाब साधारण ३२ मिलिबारपर्यंत उतरावा लागतो. फ्रिजच्या जुन्या काँप्रेसरपासून बनवलेला पंप तिथवर पोचेलच याची खात्री नाही. ओल राहिली तर ती व्हॉल्व्हमध्ये गोठते आणि तेलाशी मिळून आम्ल बनवते. पंप, मॅनिफोल्ड गेज (दोन्ही बाजूंचं प्रेशर दाखवणारा संच) आणि काटा घेतले तर गॅरेजच्या तीन-चार बिलांएवढा खर्च, म्हणजे एका गाडीसाठी परवडत नाही.

काँप्रेसरच्या तेलाचं विसरू नका. कंडेन्सर बदलला तर साधारण ३० ते ४० मिलिलिटर घालावं लागतं, बहुतेक गाड्यांत पीएजी ४६ या प्रकारचं. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. महिनाभर उघडी पडलेली बाटली वापरू नका, हे तेल हवेतली ओल ओढतं. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत पीएजी चालत नाही. तिथे काँप्रेसरची मोटर गॅस-तेलातच बुडालेली असते, त्याला वीज न वाहणारं वेगळं तेल लागतं. त्या गाड्यांना घरी हात लावू नये, हे माझं ठाम मत.

गॅरेजही सगळी सारखी नसतात. नळी लावून, पाईपला हात लावून ‘झालं, मस्त गार’ म्हणणारा आणि घरचा कॅनवाला यांत फरक फक्त अनुभवाचा. जुना गॅस हवेत सोडून देणारा तर नकोच. आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट तापमानवाढ करणारा वायू आहे. स्वस्त गॅसमध्ये ज्वलनशील वायूची भेसळही सापडते, म्हणून सीलबंद सिलिंडर बघून घ्या. रिकव्हरी मशीन (जुना गॅस ओढून त्याचं वजन करणारं) असलेल्या ठिकाणी तीन आकडे विचारा: जुना गॅस किती ग्रॅम निघाला, व्हॅक्यूम किती वेळ धरला, नवीन किती ग्रॅम भरला. पहिला आकडा सगळ्यात मोलाचा. गेल्या वर्षी ३५० भरला होता आणि आज ३३५ निघाला तर लीकेज शोधायचा खर्च करू नका, कूलिंगचं कारण दुसरीकडे आहे. २०० निघाला तर आधी लीकेज, मग गॅस. हे आकडे तारखेसकट बॉनेटखालच्या स्टिकरशेजारी लिहून ठेवा, आणि गाडी ताब्यात घेताना गॅस भरायच्या दोन्ही व्हॉल्व्हवर टोपणं आहेत का बघा. बारीक झिरप अडवण्याचं काम पिनेपेक्षा त्या टोपणातल्या रिंगेवरच जास्त असतं.