तुम्ही विचारलंत म्हणून: दुर्बीण कुठली घेऊ?

व्याख्यान संपलं की कुणीतरी पालक मुलीला पुढे करतात. "हिला सैद्धांतिक खगोलभौतिकीत जायचंय. दुर्बीण कुठली घेऊ?"

हौस असेल तर घ्या, शनीची कडी बघण्यात मजा आहेच. माझी मात्र माळ्यावर धूळ खात पडलीय. आमचं काम म्हणजे ताऱ्यांमागचं भौतिकशास्त्र गणिताने उलगडणं, आणि ते चालतं कागदावर आणि संगणकावर.

मग मी मुलीलाच गणित घालतो. सूर्य नुसता आकसतोय आणि त्यातून सुटणाऱ्या ऊर्जेवरच तळपतोय, असं धर. एकोणिसाव्या शतकात केल्विन आणि हेल्महोल्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ असंच मानत. तर तो किती वर्षं पुरेल? सूर्याचं वस्तुमान, त्रिज्या आणि दर सेकंदाला बाहेर पडणारी ऊर्जा एवढंच लागतं. बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं. परवा एकीने तिथेच वहीच्या मागच्या पानावर उत्तर काढलं: सुमारे ३ कोटी वर्षं. "पण पृथ्वीच साडेचारशे कोटी वर्षांची आहे ना? म्हणजे माझं चुकलं." तिचं काहीच चुकलं नव्हतं, गृहीतक चुकलं होतं. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होतं, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

असं स्वतः अंदाज बांधून गणित मांडणं शिकायला मला उशीर झाला. बीएस्सीला सूत्रं घोकून भरघोस मार्क मिळवले. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत फळ्यापाशी उभं करून विचारलं, "सूर्याच्या केंद्रात दाब किती असेल? अंदाजे सांगा." खडू हातात, फळा कोरा. त्या वर्षी प्रवेश हुकला, आणि हुकला ते बरंच झालं म्हणायचं!

बाकी वाट तशी ठरलेली आहे. भौतिकशास्त्रात एमएस्सी, जेस्टसारखी प्रवेश परीक्षा, मग पीएचडीची पाच-सहा वर्षं. संशोधन संस्था म्हणाल तर पुण्यात आयुका आहे, मुंबईत टीआयएफआर. इंजिनिअरिंग करून आलेलेही भेटतात. त्यांना पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) मागून भरून काढावी लागते. प्रोग्रॅमिंग मात्र आत्तापासून.

वडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "नोकरीचं काय?" पीएचडीनंतर पोस्टडॉकच्या, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या संशोधकाच्या नेमणुका, बहुधा परदेशी, आणि कायमची जागा पस्तिशीच्या आसपास, तीही मिळाली तर. हे मी मुलीसमोरच सांगतो. परवाची ती मात्र ऐकत नव्हती. तिचं आकडेमोडीचं पान अजून उघडंच होतं.