पीआरएनचा सोळावा अंक आणि दहा वाजताची परीक्षा

"सर, लॉगिन झालं, पण वर नाव माझ्या मैत्रिणीचं येतंय."

ऑगस्टमधल्या एका सकाळी प्रथम वर्षाच्या मुलीचा हा फोन आला. मला वाटलं, दोघी एकाच कॉम्प्युटरवर बसल्या असतील आणि आधीची लॉगआउट करायला विसरली असेल. तसं तिला सांगितलंही. "नाही सर, मी घरून माझ्याच मोबाइलवर बघतेय," असं म्हणून तिने स्क्रीनशॉट पाठवला. खरंच, वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच मुलीचं नाव होतं. अर्ध्या तासात असे आणखी चार फोन आले आणि 'लॉगिन चुकीचं आहे' असं सांगणारे तर मोजता येईनात.

मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करतो. आमचं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल मूडल या सॉफ्टवेअरवर चालतं आणि ते मी आणि माझी एक सहकारी असे दोघं मिळून सांभाळतो. मागच्या वर्षीच्या पहिल्या सत्रात जे घडलं ते इथे सविस्तर लिहितोय. कितीतरी कॉलेजांत एखादाच माणूस हे सगळं बघत असतो आणि अडचण आली की त्याला विचारायला शेजारी कुणी नसतं. त्याला हे उपयोगी पडावं एवढीच इच्छा.

तर ते नावांचं प्रकरण. आदल्या दिवशी आम्ही ६४० विद्यार्थ्यांची खाती एका सीएसव्ही फाइलमधून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या यादीतून, चढवली होती. युजरनेम म्हणून पीआरएन, म्हणजे आमच्याकडचा सोळा आकडी कायम नोंदणी क्रमांक. चढवून झाल्यावर मूडलने शेवटी हिशोब दाखवला होता: नवीन खाती ६६, अद्ययावत झालेली खाती ५७४. दोन्हींची बेरीज ६४० येत होती, म्हणून मी समाधानाने घरी गेलो. पहिल्या वर्षाच्या मुलांची खाती आधीपासून असूच शकत नाहीत, मग ५७४ खाती 'अद्ययावत' कशी झाली, हा प्रश्न मला त्या संध्याकाळी पडायला हवा होता.

फाइल पुन्हा उघडली. पीआरएनचा रकाना वरून खाली वाचत गेलो आणि विसाव्या ओळीच्या आसपास लक्षात आलं की प्रत्येक क्रमांकाच्या शेवटी शून्य आहे. एकूण एक.

स्प्रेडशीट आकड्याचे पंधराच अंक नेमके ठेवते, सोळाव्या अंकाच्या जागी शून्य येतं. कार्यालयात यादी उघडली तेव्हा तो रकाना 'ई+१५' अशा विचित्र रूपात दिसत होता, म्हणून तिथल्या मॅडमनी तो 'नंबर' प्रकारात बदलला. क्रमांक पुन्हा पूर्ण दिसायला लागले, सोळाचे सोळा अंक. कुणालाही बरोबरच वाटलं असतं. पण शेवटचा अंक गेलेला होता, आणि तो त्या फाइलमधून परत मिळण्याचा काही मार्ग नव्हता.

आता पीआरएन ओळीने दिलेले असतात. शेवटचा अंक शून्य झाला की लागोपाठच्या दहा मुलांचा क्रमांक एकच होतो. आम्ही 'नवीन खाती बनवा आणि असलेली अद्ययावत करा' हा पर्याय निवडला होता. त्यामुळे दहातल्या पहिल्या मुलाचं खातं तयार झालं आणि पुढच्या नऊ जणांनी एकामागोमाग एक त्याच्यावरचं नाव आणि ईमेल बदललं. पासवर्ड मात्र पहिल्याचाच राहिला, कारण असलेल्या खात्याचा पासवर्ड अशा वेळी आपोआप बदलत नाही. म्हणून ज्या मुलीचा पीआरएन खरोखरच शून्यावर संपत होता ती आपल्या पासवर्डने आत गेली आणि तिला दहाव्या मुलीचं नाव दिसलं. बाकीच्यांच्या क्रमांकाचं खातंच नव्हतं.

निस्तरायला दीड दिवस लागला. ती ६६ खाती काढून टाकली. मूडलमध्ये खातं काढलं की त्याचं युजरनेम मोकळं होतं, ते पुन्हा वापरता येतं, ही त्यातली सोय. मूळ यादी प्रवेश विभागाच्या प्रणालीतून थेट मागवली, मधे कुणी न उघडता. आणि तेव्हापासून प्रत्येक पीआरएनच्या आधी आम्ही 'पी' हे अक्षर लावतो. अक्षर लागलं की स्प्रेडशीट त्याला आकडा समजत नाही, मजकूर समजते, आणि सोळावा अंक जागेवर राहतो. विद्यार्थ्यांना एक अक्षर जास्त टाइप करावं लागतं, पण मला हा उपाय सगळ्यांत भरवशाचा वाटतो. 'फाइल नीट उघडा' अशा सूचना कितीही वेळा पाठवल्या तरी घाईच्या दिवशी त्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

सप्टेंबर तसा शांत गेला. मराठी विभागातल्या सरांची प्रश्नपेढी जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेली होती. ती मूडलमध्ये चिकटवली की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. कन्व्हर्टरने बरंचसं काम झालं, पण 'दुसऱ्या', 'वाऱ्या' अशा शब्दांतला ऱ्य दर वेळी मोडायचा. शेवटी सर आणि मी दोन दुपारी शेजारी बसून तीनशे प्रश्न वाचून काढले. सर वाचायचे, मी दुरुस्त करायचो. परीक्षेत मराठीच्याच विद्यार्थ्यासमोर मोडकं मराठी येऊ नये, एवढी एक गोष्ट आम्हा दोघांनाही मनापासून हवी होती.

मग ऑक्टोबरमधली अंतर्गत परीक्षा आली. ११०० विद्यार्थी, ४० बहुपर्यायी प्रश्न, एका पानावर पाच, वेळ ४५ मिनिटं, सुरुवात सकाळी दहाला. आमचा सर्व्हर १६ जीबी मेमरीचा, त्याच्यावरच वेबसाइट आणि त्याच्यावरच मारियाडीबी डेटाबेस.

दहाला सगळ्यांनी एकदम 'प्रयत्न सुरू करा' दाबलं. दहा वाजून चार मिनिटांनी पहिला फोन आला, "सर, चाक नुसतं फिरतंय." मूडलची पानं तयार करणाऱ्या पीएचपीच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, की एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा संपली आहे. ती मर्यादा होती ५०. म्हणजे पन्नास विद्यार्थ्यांची पानं तयार होत होती आणि बाकीचे रांगेत उभे.

इथे मी चूक केली. फोन वाजत होते, परीक्षा विभागातून विचारणा होत होती, आणि मी तो ५० चा आकडा सरळ २५० केला. पाच मिनिटं साइट छान चालली. १० वाजून १२ मिनिटांनी सगळंच बंद पडलं. आता चाकही फिरेना, डेटाबेसशी संपर्क होत नाही असा एकच संदेश.

ज्या हिशोबाला एक मिनिट लागतं तो मी केला नव्हता. आमच्याकडे पीएचपीची एक प्रक्रिया साधारण ७० एमबी मेमरी घेते. २५० प्रक्रियांचे झाले साडेसतरा जीबी, आणि यंत्रात सगळी मिळून १६. मेमरी संपली की लिनक्स स्वतःला वाचवण्यासाठी एखादी मोठी प्रक्रिया मारून टाकतं, आणि आमच्या यंत्रावरची सगळ्यांत मोठी प्रक्रिया डेटाबेसची होती. शिवाय डेटाबेसला एका वेळी १५१ जोडण्या चालतात, हा त्याचा मूळचाच आकडा आणि आम्ही तो बदललेला नव्हता. म्हणजे मेमरी पुरली असती तरी २५० प्रक्रिया तिथे अडल्याच असत्या.

माझ्या सहकारीने शांतपणे कागद पुढे ओढला. डेटाबेसला पाच जीबी, ऑपरेटिंग सिस्टिम आणि बाकीच्या गोष्टींना दोन, उरले नऊ. नऊला सत्तरने भागून १२८ च्या आसपास. थोडी जागा सोडून आम्ही ११० ठेवले. डेटाबेस पुन्हा उभा केला. १० वाजून २१ मिनिटांनी साइट परत आली आणि आम्ही सगळ्यांची वेळ २० मिनिटांनी वाढवली.

मूडल पान बदलताना उत्तरं साठवतंच, पण एकाच पानावर थांबलेल्या विद्यार्थ्याची उत्तरंही साधारण मिनिटभरात आपोआप साठवतं. ही मुदत वाढवा म्हणजे सर्व्हरवरचा भार कमी होईल, असा सल्ला मला नंतर दोघांनी दिला. ११०० विद्यार्थी म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त अठरा-एकोणीस विनंत्या. तेवढ्या वाचतील हे खरं, पण त्या दिवशी नऊ मिनिटं अंधार होऊनही बहुतेकांची उत्तरं जशीच्या तशी सापडली ती या एका मिनिटामुळे. ती मुदत मी वाढवली नाही आणि वाढवणारही नाही.

परीक्षा संपल्यावर दुपारी आणखी एक गोष्ट उघडी पडली. ९३ अटेम्प्ट अजूनही 'चालू आहे' असेच दिसत होते आणि परीक्षा विभाग त्यांना गैरहजर धरायच्या बेतात होता. वेळ संपली की अर्धवट अटेम्प्ट आपोआप जमा करायचं काम क्रॉन करतो. क्रॉन म्हणजे दर मिनिटाला पडद्यामागे चालणारं काम: ईमेल पाठवणं, मुदती तपासणं, बॅकअप, सगळं त्याच्याच अंगावर. उन्हाळ्यात नवीन सर्व्हरवर स्थलांतर केलं तेव्हा डेटाबेस आला, फाइली आल्या, क्रॉनची एक ओळ जुन्याच यंत्रावर राहिली. अधूनमधून कुणीतरी तो हाताने चालवायचं, त्यामुळे सगळं ठीक वाटत होतं. प्रशासकाच्या पानावर इशारा दिसत होता. आम्ही ते पान रोज उघडत नव्हतो. क्रॉन सुरू केला आणि काही मिनिटांत ९३ च्या ९३ उत्तरपत्रिका जमा झाल्या.

त्या ९३ मध्ये एक उत्तरपत्रिका पंधराच प्रश्नांची होती. ती मुलगी डोंगराळ तालुक्यातली. घरात रेंज नाही, म्हणून गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीजवळ बसून परीक्षा देत होती. साइट बंद पडली तेव्हा परीक्षाच रद्द झाली असं समजून ती घरी गेली. घरी रेंज नसल्यामुळे वेळ वाढवल्याचा निरोपही पोचला नाही. संध्याकाळी तिला मैत्रिणींकडून कळलं.

परीक्षा विभागातले साहेब म्हणाले, "नेट गेलं असं सगळेच सांगतात." त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्याकडे असे अर्ज रोज येतात. मी तिच्या अटेम्प्टचा इतिहास उघडला. मूडल प्रत्येक उत्तराची वेळ नोंदवून ठेवतं. पहिल्या पानावरचे पाच प्रश्न १० वाजून ५ मिनिटांनी साठवलेले, दुसऱ्या पानावरचे ८ मिनिटांनी, तिसऱ्या पानावरचे ११ मिनिटांनी. पुढचे २५ कोरे. त्याच्या शेजारी मी डेटाबेसचा लॉग ठेवला: १० वाजून १२ मिनिटांनी बंद. दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "साहेब, तिचं नेट गेलं नव्हतं. आमचा सर्व्हर गेला होता, आणि तो माझ्या हातून गेला." त्यांनी दोन्हींवरच्या वेळा बोटाने जुळवून पाहिल्या आणि अर्जावर सही केली.

मूडल बनवणारे मार्टिन डुगियामास हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले. जवळ शाळा नव्हती, त्यांचं लहानपणीचं शिक्षण रेडिओवरून झालं. ऑगस्ट २००२ मध्ये मूडलची पहिली आवृत्ती आली. त्या टाकीजवळ बसलेल्या मुलीचा विचार करताना मला हे हटकून आठवतं. हे सॉफ्टवेअर अशाच मुलांसाठी आहे, असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणून ते नीट चालवायला हवं.

पुढच्या परीक्षेला आम्ही विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि प्रत्येकाची सुरुवात वीस मिनिटांच्या अंतराने ठेवली. पेपर फुटेल ही शंका परीक्षा विभागाला होती, म्हणून प्रश्न पेढीतून यादृच्छिक निवडले. सेशन्स, म्हणजे कोण लॉगिन आहे याच्या नोंदी, रेडिस या मेमरीत चालणाऱ्या जलद साठ्यात हलवल्या. प्रश्नांत टाकलेले मोबाइलवरून काढलेले चार-चार एमबीचे फोटो सहकारीने बसून लहान केले, आणि माझ्या मते निम्मा फरक त्यानेच पडला. क्रॉन शेवटचा कधी चालला, हे आता सकाळी पोचल्यावर चहाच्या आधी बघतो.

त्या मुलीला मी क्विझमध्ये तिच्यापुरती वेगळी वेळ आणि एक जादा अटेम्प्ट दिला, शनिवारी दुपारी साडेतीन ते सव्वाचार. आदल्या दिवशी फोन करून विचारलं, टाकीजवळ दुपारी ऊन असेल ना? ती म्हणाली, "काका छत्री धरून बसणार आहेत, सर."

शनिवारी मी ऑफिसात तिचा अटेम्प्ट उघडून बसलो होतो. पाच-पाच प्रश्न साठत गेले. ४ वाजून ९ मिनिटांनी आठवं पान साठलं, ४ वाजून ११ मिनिटांनी स्थिती बदलून 'समाप्त' झाली, आणि लगेच फोन वाजला.

"सर, गेलं का?"

"गेलं. चाळीसच्या चाळीस."