बेसबॉलचे घड्याळ आणि न लिहिलेले नियम

सांगलीत बसून अमेरिकेतले बेसबॉल पाहणाऱ्याची एक सोय असते. लॉस एंजेलिसमध्ये उन्हाळ्यातल्या संध्याकाळी सातला सुरू झालेला सामना आपल्याकडे सकाळी साडेसातला दिसू लागतो आणि अंघोळ, चहा, वर्तमानपत्र सांभाळत तो पाहता येतो. पूर्वी मात्र शेवटच्या एक-दोन इनिंग (दोन्ही संघांच्या एकेका डावाची फेरी) माझ्या वाट्याला क्वचितच येत, कारण 2021 मध्ये नऊ इनिंगचा सामना सरासरी तीन तास दहा मिनिटे चाले आणि मला सव्वादहाला कामावर निघावे लागते. 2023 च्या हंगामात ही सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आली. तेव्हा घड्याळाच्या बाजूने मी जे लिहिणार आहे त्यात माझा थोडा स्वार्थ आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

2023 मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने, पिच क्लॉक आणले, म्हणजे दोन चेंडूंमधल्या वेळेवर मर्यादा घालणारे घड्याळ. बेसवर (धाव काढताना गाठायच्या टप्प्यावर) कोणी नसेल तर पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) पंधरा सेकंदांच्या आत चेंडू टाकायचा आणि बेसवर धावपटू असेल तर वीस सेकंदांत. पुढच्या वर्षी हे वीस सेकंद अठरावर आणले गेले. घड्याळात आठ सेकंद उरलेले असताना बॅटर तयार नसेल तर त्याच्या नावावर एक स्ट्राइक लागतो (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद) आणि पिचरने उशीर केला तर बॅटरला एक बॉल फुकट मिळतो (चार बॉल झाले की तो आयता पहिल्या बेसवर जातो). पहिल्याच आठवड्यात, 25 फेब्रुवारी 2023 च्या एका सराव सामन्यात, बॉस्टन आणि अटलांटा 6-6 अशा बरोबरीत होते. शेवटची इनिंग होती, तिन्ही बेस भरलेले होते, दोन खेळाडू बाद झाले होते आणि बॅटरच्या नावावर तीन बॉल व दोन स्ट्राइक होते. अशा क्षणी अटलांटाचा बॅटर वेळेत तयार झाला नाही, म्हणून पंचांनी तिसरा स्ट्राइक दिला, तिसरा खेळाडू बाद झाला आणि चेंडू न टाकताच सामना बरोबरीत संपला. बेसबॉल संपले, अशी ओरड त्या दिवशी झाली. प्रत्यक्ष हंगाम सुरू झाल्यावर खेळाडू काही आठवड्यांत घड्याळाला सरावले आणि प्रेक्षक तर त्याहून लवकर.

ज्या खेळाला घड्याळ नाही हाच त्याचा अभिमान होता, त्याला घड्याळ लावणे म्हणजे परंपरा मोडणे, हा आक्षेप मला पटत नाही, कारण ज्या संथपणाला परंपरा म्हटले जाते तो फारसा जुना नाही. 1940 च्या दशकात सामने साधारण दोन-सव्वादोन तासांत संपत. दर चेंडूनंतर बॅटरने बाहेर येऊन हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा आवळायचे, पिचरने टेकाडाभोवती फेरी मारायची, ही सवय हळूहळू रुजली. जाहिराती वाढल्या आणि सामन्यात अनेकदा पिचर बदलण्याची पद्धत पडली. 1970 च्या दशकात माइक हारग्रोव्ह नावाचा बॅटर दर चेंडूआधी इतका वेळ काढायचा की 'माणसाच्या रूपातला पावसाचा व्यत्यय' अशा अर्थाचे टोपणनाव त्याला मिळाले होते. एका पिढीत जी गोष्ट थट्टेची होती, ती पुढच्या दोन पिढ्यांत सर्वांची रीत झाली आणि मग ती मोडताना परंपरेची आठवण निघाली.

आमच्या जिल्ह्यात ही चर्चा नवी नाही, फक्त खेळ वेगळा आहे. कुंडलच्या मैदानाची ख्याती ऐकत वाढलेल्यांना ठाऊक आहे की मातीतली कुस्ती निकाली व्हावी, चितपट व्हावी, अशी अपेक्षा असे आणि त्यासाठी कितीही वेळ द्यायला लोक तयार असत. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण आले, तेव्हा जिंकण्याचा अर्थच बदलला. पाठ न टेकवताही पैलवान जिंकू लागला. पिच क्लॉकने बेसबॉलमध्ये असे काही केलेले नाही. घड्याळ फक्त दोन चेंडूंमधला रिकामा वेळ मोजते. नऊ इनिंगमध्ये प्रत्येकी तीन, असे सत्तावीस खेळाडू बाद केल्याशिवाय आजही सामना जिंकता येत नाही आणि आघाडीवर असलेल्या संघाला वेळ काढून सुटता येत नाही.

याचा पुरावा ऑक्टोबर 2025 मध्ये मिळाला. लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ आणि टोरोंटो यांच्यातला वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना आपल्याकडे सकाळी साडेपाचला सुरू झाला आणि अठरा इनिंग, सहा तास एकोणचाळीस मिनिटे चालून डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनच्या होम रनने (चेंडू थेट मैदानाबाहेर मारून) संपला, तेव्हा सांगलीत दुपारचे बारा वाजून गेले होते. पिच क्लॉक त्या संपूर्ण काळात चालूच होते. नव्या नियमांपैकी मला खरोखर न आवडणारा नियम दुसराच आहे: 2020 पासून, नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर होणाऱ्या जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा केला जातो, म्हणजे न कमावलेली संधी दिली जाते. तो नियम बाद फेरीत लावत नाहीत म्हणून तर अठरा इनिंगचा तो सामना होऊ शकला. ज्या नियमावर महत्त्वाच्या सामन्यांत खुद्द लीगचा विश्वास नाही, तो साध्या सामन्यांत तरी कशाला ठेवायचा?

नियमपुस्तकातले बदल मात्र सोपे असतात. कुठेही न लिहिलेल्या नियमांचे काय करायचे, हा अवघड भाग आहे आणि बेसबॉलची खरी ओढाताण तिथे चालू आहे. होम रन मारल्यावर उभे राहून चेंडू न्याहाळू नये, बॅट भिरकावू नये, मोठी आघाडी असताना प्रतिस्पर्ध्याला आणखी चेपू नये, आणि कोणी यातले काही केले तर त्याच्या किंवा त्याच्या साथीदाराच्या अंगावर चेंडू टाकून हिशेब चुकता करावा, अशी ही संहिता होती. 14 ऑक्टोबर 2015 रोजी टोरोंटोच्या होजे बाउटिस्टाने टेक्सासविरुद्ध निर्णायक सामन्यात तीन धावांचा होम रन मारून बॅट दूर फेकली. सात महिन्यांनी, मे 2016 मध्ये, त्याच टेक्सासच्या पिचरचा चेंडू त्याच्या अंगावर आला, मग तो दुसऱ्या बेसवर जोरात घसरत गेला आणि टेक्सासच्या रूगनेड ओडोरने त्याच्या जबड्यावर ठोसा लगावला. क्रिकेटमध्ये खेळभावनेवरून आपण पुष्कळ वाद घालतो, पण एका उत्सवाचा राग इतके महिने जपून ठेवल्याचे उदाहरण मला आठवत नाही.

ऑगस्ट 2020 मध्ये सॅन डिएगोचा तरुण फर्नांडो टाटिस संघ 10-3 असा पुढे असताना, तिन्ही बेस भरलेले आणि तीन बॉल-शून्य स्ट्राइक अशा स्थितीत, होम रन मारून बसला. शिष्टाचार असा की अशा वेळी पुढचा चेंडू सोडून द्यायचा. पुढच्या बॅटरच्या पाठीमागून चेंडू गेला आणि टाटिसच्या स्वतःच्या मॅनेजरनेही (मुख्य प्रशिक्षकानेही) त्याची बाजू नीट घेतली नाही. पण या वेळी अनेक आजी-माजी खेळाडू टाटिसच्या बाजूने उभे राहिले आणि शिक्षा झाली ती चेंडू टाकणाऱ्या पिचरला व त्याच्या मॅनेजरला. पारडे फिरल्याचे मला त्या आठवड्यात दिसले.

बाउटिस्टा आणि टाटिस दोघेही डोमिनिकन रिपब्लिकचे आहेत, हा योगायोग नाही. कॅरिबियन देशांत आनंद उघड दाखवत बेसबॉल खेळतात आणि कोरियात तर बॅट भिरकावणे हा प्रेक्षकांच्या आवडीचा भाग आहे. म्हणजे ज्याला बेसबॉलची परंपरा म्हटले जात होते ती एका देशातल्या, एका पिढीच्या ड्रेसिंग रूमची परंपरा होती. शिवाय या खेळातला सर्वांत मोठा न लिहिलेला नियम कोणता, तर कृष्णवर्णीयांना मेजर लीगमध्ये घ्यायचे नाही, हा. तो कोणत्याही पुस्तकात छापलेला नव्हता, तरी 15 एप्रिल 1947 रोजी कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत साठेक वर्षे पाळला गेला. निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे, आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत यायला तर 2024 साल उजाडले. तेव्हा निग्रो लीगमधल्या जॉश गिब्सनची .372 ही बॅटिंगची सरासरी टाय कॉबच्या .367 च्या वर जाऊन बसली आणि नव्वदहून अधिक वर्षे पाठ केलेला पहिला क्रमांक बदलला. परंपरेच्या नावाने हळहळणाऱ्यांनी हा इतिहासही परंपरेतच मोजायला हवा.

इतके लिहूनही एका बदलापाशी मी अडखळतो. स्ट्राइक की बॉल, हे ठरवणारे यंत्र 2026 च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये वापरण्याचा निर्णय सप्टेंबर 2025 मध्ये झाला. कोरियाच्या लीगने 2024 पासून प्रत्येक चेंडूचा निवाडा यंत्राकडे सोपवला. अमेरिकेने मधला मार्ग घेतला, म्हणजे निर्णय पंचच देणार, पण प्रत्येक संघाला दोन आव्हाने, आणि आव्हान यशस्वी झाले तर ते शिल्लक राहणार. ते बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू पकडणारा खेळाडू) यांनीच डोक्यावर हात लावून लगेच द्यायचे, बाकावरून कोणी इशारा करायचा नाही. यंत्राचा चौकोन, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो ती जागा, बॅटरच्या उंचीवरून ठरतो: वरची कड उंचीच्या 53.5 टक्क्यांवर, खालची 27 टक्क्यांवर.

न्याय म्हणून हे उत्तमच आहे. माझी अडचण कॅचरबद्दल आहे. चौकोनाच्या किंचित बाहेर आलेला चेंडू पकडतानाच हातमोजा अलगद आत वळवून पंचाला तो स्ट्राइक वाटायला लावणे, ही कला काही कॅचरांनी इतकी घडवली की बॅटीने फारसे काही न करताही ते संघात टिकून राहिले. तिला फसवणूक म्हणता येईल, आणि म्हणणारे म्हणतातही. पण गुडघ्यांवर बसून, ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने येणाऱ्या चेंडूखाली मनगट स्थिर ठेवणे हे कौशल्यच आहे. आव्हाने दोनच असल्यामुळे बहुतेक चेंडूंवर ही कला चालत राहील आणि म्हणूनच कोरियाच्या पद्धतीपेक्षा मला ही पद्धत अधिक पसंत आहे. उलट कोणते दोन चेंडू पणाला लावायचे, हे ओळखणारा कॅचर आता संघाला वेगळ्या कारणाने मोलाचा वाटेल, कारण चौकोनाची कड पिचर आणि बॅटर या दोघांपेक्षा त्यालाच अधिक नीट दिसते.