गप्प बसा, इंजिनाचं ऐकू द्या

शनिवारी दुपारी गॅरेजचं दार वर करून मी गाडीच्या बॉनेटपाशी कान नेऊन उभी होते. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी गवत कापायचं मशीन बंद केलं आणि तिथूनच विचारलं, काही मदत हवी का? मी हातानेच नको म्हटलं. त्यांचं मशीन बंद व्हावं एवढीच माझी इच्छा होती, आणि ती पुरी झाली होती.

टिक टिक टिक टिक.

आहे. आजही आहे.

गाडी म्हणजे १९९६ची माझदा मियाटा. लाल, दोनच माणसांची, छत मागे दुमडता येणारी. बटण दाबलं की तिचे हेडलाइट बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. माझं वय चौपन्न, गाडीचं तिशीला टेकलेलं, आणि पायाखालून गेलेले मैल एक लाख बारा हजार. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मिडलाइफ क्रायसिस जरा वेळेत करायचा असतो." नवऱ्याने तेच मराठीत सांगितलं, वरातीमागून घोडं. त्याला माहीत नव्हतं, पण घोडं अगदी बरोबर निघालं. ही गाडी बनवणाऱ्या जपानी मंडळींचं ब्रीदच 'जिनबा इत्ताइ', घोडा आणि स्वार एकजीव. मला स्वार होऊन दोन महिने झाले. एकजीव वगैरे राहू द्या, सध्या मी घोड्याची नाडी धरून बसले आहे.

खरं तर काळजी करायची असती तर दुसऱ्या शंभर गाड्या होत्या. ही म्हणे बिघडतच नाही. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा मांडली, २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. दोन सीटांची इतकी खपलेली स्पोर्ट्स कार जगात दुसरी नाही. इंजिन त्याच कंपनीच्या साध्यासुध्या घरगुती गाड्यांच्या घराण्यातलं, म्हणजे मीठ-भाकरीवर राबणारं. दात असलेला तो टायमिंगचा पट्टा तुटला तरी गाडी फक्त जागच्या जागी थांबते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटून इंजिनाचा चुराडा होत नाही. हे वाचून कुठलाही शहाणा माणूस निर्धास्त झाला असता. मी 'तुटला तरी' या दोन शब्दांपाशी अडकले ती अजून तिथेच आहे.

त्यात वाचनाची खोड. अगदी सुरुवातीच्या, म्हणजे १९९० आणि ९१च्या काही गाड्यांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट नीट आवळला गेला नसेल तर पुली डुगडुगायला लागते, दांड्याच्या टोकावरची खाच झिजत जाते, आणि एक दिवस मोठं काम निघतं. ओळखायची खूण अशी की पुलीला चार खाचा असतील तर टोक आखूड, आठ असतील तर लांब. माझी गाडी ९६ची, तिचा या भानगडीशी काही संबंध नाही. तरीही मी रात्री टॉर्च घेऊन खाचा मोजल्या. आठ. सकाळी उजेडात परत मोजल्या. काय सांगावं, रात्रीतून कमी झाल्या तर.

ही खोड कुठून आली ते मला पक्कं माहीत आहे. दादरहून.

दादरला माझे काका राहायचे आणि त्यांच्याकडे फियाट होती. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी होती, पण पद्मिनी कोणी म्हणत नसे. काकांनी ती सेकंडहँड घेतली होती आणि घेताना तिच्या मायलेजपेक्षा महत्त्वाची एकच गोष्ट सगळ्यांना सांगितली होती: "पारशाची गाडी आहे." झालं. यापुढे कोणी काही विचारायचं नाही. पारशी माणूस गाडीला पोटच्या पोरासारखं जपतो, हे मुंबईत प्रमाणपत्रासारखं चालायचं. (इथे अमेरिकेत याच जागी एक म्हातारी बाई असते, जी गाडी फक्त रविवारी चर्चला जाण्यापुरती बाहेर काढते. माझी गाडी ज्यांच्याकडून घेतली ते निवृत्त शिक्षक होते. आम्ही घरी 'पारशाची आहे' असंच सांगतो.)

मे महिन्यात काका आम्हा मुलांना पुण्याला सोडायला यायचे. पुढच्या सलग सीटवर काका, मध्ये मी, खिडकीशी काकू. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, त्यामुळे मध्ये बसलेल्याच्या गुडघ्यांना त्रास नसे. मागे चार भावंडं, आंब्याची करंडी आणि आजी. पनवेलपर्यंत गाणी, भेंड्या, मारामाऱ्या, सगळ्याला परवानगी. खोपोली आली की काका खिडकीची काच पूर्ण खाली करायचे आणि म्हणायचे, "गप्प बसा रे आता. इंजिनाचं ऐकू द्या."

आणि खरंच, आठ माणसं गप्प बसायची. आजीसुद्धा. बोरघाट चढताना आमच्या गाडीत देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता असे. त्या शांततेत आम्ही सगळे मिळून एका इंजिनाची धाप ऐकत होतो. काका मधूनच पुटपुटायचे, "मिसिंग येतंय." म्हणजे इंजिनाचा ठोका मध्येच चुकतोय. आम्हाला ते ऐकू येत नसे, पण आम्ही माना डोलवायचो. घाटात आणखी एक कडक नियम होता. गाडीचं कौतुक करायचं नाही. 'आज काय मस्त चाललीये' असं एकदा मागून कोणीतरी म्हटलं आणि पुढच्याच वळणावर गाडी आचके देत बंद पडली. ते वाक्य माझं होतं असं घरात आजही मानलं जातं. माझं नव्हतं.

मग बॉनेट वर. एकटे आपणच नसायचो, पुढे-मागे आणखी तीन-चार फियाट जबडे उघडून उभ्या असायच्या. कारण ठरलेलं. उन्हाने, चढाने आणि इंजिनाच्या धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि तो बिचारा पंप वाफेवर नुसताच धडपडत राहायचा. उपायही ठरलेला होता. ओला नॅपकीन पंपावर टाकायचा आणि थांबायचं. नॅपकीन भिजवायचं काम माझं. काकू फिरकीच्या तांब्यातून पाणी ओतायची, मी पिळायचे, काका तो पंपावर असा ठेवायचे की जणू तापाच्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवतायत. हात पुसून मग ते दरीकडे बघत उभे राहायचे. आजी करंडीतून आंबा काढायची. गाडी निवायला पंधरा मिनिटं लागायची, आणि ती पंधरा मिनिटं आमच्या प्रवासातली सगळ्यात चांगली असायची, हे तेव्हा कोणी कबूल केलं नसतं. पुन्हा निघाल्यावर शिंग्रोबाच्या देवळापाशी काका वेग कमी करायचे आणि खिडकीतून नाणं टाकायचे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली तो हा धनगर. वाट दाखवणाऱ्याला चार आणे. बंद न पडल्यास परतीच्या वेळी आणखी चार.

पुढे काकांनी मारुती घेतली. पहिल्याच खेपेला ती घाट चढून गेली. खंडाळा आला कधी, गेला कधी, कळलंही नाही. थांबायचं कारणच उरलं नव्हतं. काका दोन-तीनदा म्हणाले, "आवाजच येत नाही हिचा." आम्हाला ते कौतुक वाटलं होतं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा चुलतभावाने तिचा फोटो पाठवला होता. खाली काही लिहिलं नव्हतं. काका त्याआधीच गेले होते.

तर ती टिकटिक. शिवणयंत्राची असते तशी, बारीक आणि चिवट. गाडी चारेक दिवस उभी राहिली की सुरू केल्यावर हमखास येते. या इंजिनात व्हॉल्व्हच्या डोक्यावर छोट्या वाट्या असतात आणि त्या ऑइलच्या दाबाने भरून घट्ट राहतात. गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं, किंचित फट पडते आणि वाट्या टिकटिक करतात. भरल्या की गप्प. या गाडीच्या बाबतीत ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की जुने मालक तिच्याकडे घरातल्या घड्याळाइतपतच लक्ष देतात. मला हे सगळं पाठ आहे. पण पाठ असणं आणि पटणं या गोष्टी वेगळ्या असतात. मला कान लावल्याशिवाय राहवत नाही, आणि कान लावला की टिकटिकीच्या मागे अजून काहीतरी ऐकू येतं. मग दुसऱ्या बाजूने कान. मग समोरच्या आजोबांचं गवताचं मशीन.

एक आधार होता. डॅशबोर्डवर ऑइलचा दाब दाखवणारा गोल काटा आहे. टिकटिक कितीही होऊ दे, काटा आपला मधोमध, स्थितप्रज्ञ. पहिले दोन आठवडे मी त्याच्या जिवावर काढले. मग कळलं की सुरुवातीच्या वर्षांत तो काटा खरा होता. गाडी नुसती उभी असताना खाली यायचा, वेग घेतला की चढायचा. नव्वदच्या दशकाच्या मध्याला तो बदलला. आता त्याच्यामागे फक्त एक स्विच आहे. थोडाफार दाब असला की काटा मध्यावर जाऊन बसतो, आणि दाब अगदीच गेला की पडतो. मधलं काही सांगत नाही. का बदलला असेल, याचा मला अंदाज आहे. माझ्यासारखी माणसं जपानपर्यंत पोचली असणार. पण त्या दिवसापासून तो काटा दिसला की मला साताऱ्याच्या मावशीचा फोन आठवतो. काहीही विचारा, "सगळं ठीक आहे गं." शेवटी कळतं ते एकदम हॉस्पिटलातून. खरा काटा बसवून घेता येतो म्हणे. मी किंमत बघून ठेवली आहे. पण मग तो खाली-वर होणार, आणि मी त्याच्याबरोबर.

गेल्या महिन्यात तर मी हादरलेच होते. ऑइलचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला साय. फिकट पिवळी, दुधावर धरते तशी. ऑइलमध्ये पाणी शिरलं, हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागणार, इथपर्यंत मी दहा सेकंदांत पोचले. त्या रात्री झोपेत मी दोनदा उठून बसले, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे. त्याने डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा काढली, रेडिएटरचं पाणी पाहिलं आणि मला एकच प्रश्न विचारला.

"ही कुठे नेता तुम्ही?"

मी सांगितलं, किराणा दुकानात. अडीच मैल. कधीकधी लायब्ररीत, पण ती त्याहून जवळ आहे. हळूच नेते, गिअर लवकर बदलते, इंजिनावर ताण येऊ देत नाही.

तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला की ऑइल स्वच्छ आहे, पाणी स्वच्छ आहे. थंडीत पाच मिनिटांत गाडी बंद केली तर आत दमट हवेचं पाणी धरतं. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे ते पाणी उडून जात नाही, झाकणाला साय धरते. टिकटिकीलाही असं लाडावलेलं राहणं मानवत नाही. ऑइल बदलून देतो, महामार्गावर न्या आणि जरा दामटा.

जपून जपून मीच तिला आजारी पाडत होते, हे ऐकून बरं वाटायचं की वाईट, मला ठरवता आलं नाही. काकांची फियाटही आठवड्यातून एकदाच, रविवारी बाहेर निघायची. इतर दिवशी तिच्यावर खाकी कव्हर. आता तीस-पस्तीस वर्षांनी याचा जाब कोणाला विचारणार?

रविवारी आम्ही दोघं निघालो. छत मागे टाकलं. न्यू जर्सीतल्या लँबर्टव्हिलपासून फ्रेंचटाउनपर्यंत डेलावेअर नदीला लागून २९ नंबरचा रस्ता जातो, झाडांच्या बोगद्यातून, वळणावळणाचा. तिथे पोचायच्या आधी महामार्गावर मी पहिल्यांदा चौथ्या गिअरात इंजिन पाच हजार फेऱ्यांपर्यंत नेलं. डोळे जवळजवळ मिटूनच. काही फुटलं नाही. उलट तिचा घसा मोकळा झाल्यासारखा वाटला. नवऱ्याने खूश होऊन गाणं लावलं, स्टिअरिंगवरच्या माझ्या हातावर थाप मारली आणि म्हणाला, "काय मस्त चाललीये गं!"

"गप्प बस," मी ओरडले. "बोलू नकोस असलं काही. इंजिनाचं ऐकू दे मला."

त्याने गाणं बंद केलं. त्याच्याकडे बघायचं मी टाळलं. बारा मैल आम्ही एक शब्द न बोलता गेलो. फ्रेंचटाउनला पुलाजवळ थांबून कॉफी घेतली. बिघाड नव्हता, तापली नव्हती, थांबायला तसं काही कारण नव्हतं, तरी पंधरा मिनिटं थांबलो. पाण्याची बाटली मी उगाचच बरोबर घेतली होती, आणि एक जुना नॅपकीन.

हे सगळं मागच्या रविवारचं. त्यानंतर गाडी पाच दिवस उभी होती. काल सकाळी गॅरेजमध्ये गेले, किल्ली फिरवली, उतरले, बॉनेटला कान लावला.

काही नाही.

बंद केली. परत सुरू केली. दुसऱ्या बाजूने कान लावला. समोरचे आजोबा अजून उठले नव्हते, सगळी गल्ली चिडीचूप होती. नवरा चहाचा कप घेऊन दारात आला.

"काय झालं? बिघडली?"

"आवाजच येत नाहीये."

"मग चांगलंय ना?"

मी त्याला हाताने थांब म्हटलं आणि पुन्हा वाकले.